माटवीखालचं टर्नटेबल

ज्या जिल्ह्यात वाफेचं इंजिन कधी फिरकलंच नाही, त्या जिल्ह्यात मी वाफेच्या इंजिनांची शेड बांधली. आमच्याकडे रेल्वे आली तीच डिझेलची. कुडाळच्या फलाटावर उभं राहून कुणाला काळा धूर आठवलाच, तर तो बाहेर उभ्या असलेल्या एसटीचा. तरीही देवबागच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या चिऱ्याच्या घरात पाच इंजिनं राहतील अशी शेड होती, शेडसमोर इंजिन फिरवायचं टर्नटेबल होतं, आणि बटण दाबलं की ते खरोखर फिरायचं. हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलं आणि स्वतःच्या तोंडानं घालवलं. हातानं केलं त्याचं कौतुक करणारे चार जण भेटले असतील. तोंडानं घालवलं ती गजाल मात्र आख्ख्या वाडीला पाठ आहे. सगळे ती चुकीची सांगतात. म्हणून मीच सांगतो.

माझा धंदा मोटार वायंडिंगचा. बाजारात दुकान आहे. विहिरीवरचे जळलेले पंप, मिक्सर, पंखे येतात, मी तांब्याची तार गुंडाळून त्यांना परत जिवंत करतो. तीस वर्षं झाली. कुणाला दारूचा नाद असतो, कुणाला नाटकाचा. मला खेळण्यातल्या रेल्वेचा लागला. आठ फूट बाय चार फुटाची प्लायवूडची फळी, तिच्यावर रूळ, एक स्टेशन, एक बोगदा, आणि आंबोलीचा म्हणून केलेला एक घाट. आंबोलीतून रेल्वे जात नाही, जाणारही नाही, पण माझ्या घाटातून जायची.

ही फळी होती ओटीच्या उजवीकडच्या खोलीत. ती आमची गणपतीची खोली. पूर्वेच्या कोपऱ्यात छताला चार हूक आहेत, त्यांना चतुर्थीला माटवी टांगतात. माटवी म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट. तिला आंब्याचे टाळ, कवंडाळ, तेरडा, सुपारीचा शिपटा, नारळ असं जे रानात आणि परड्यात पिकतं ते बांधायचं, आणि तिच्याखाली गणपती बसवायचा. बाकीचे अकरा महिने त्या कोपऱ्यात छताचे हूक आणि खाली लादी, एवढंच.

घर दोघांच्या नावावर. माझ्या आणि दादाच्या. दादा ठाण्याला असतो, चतुर्थीला आणि आंब्याला येतो. आई गेली त्या वर्षी आमचं ठरलं. दादाच म्हणाला, "अकरा दिवस देवाचे, बाकीचे तुझे. फक्त देव येवच्या आदी फळी उभी होवक होयी."

मी ते नऊ वर्षं पाळलं. फळीची एक बाजू भिंतीला बिजागऱ्यांनी धरलेली, दुसऱ्या बाजूला दोरी आणि कप्पी. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात डबे, इंजिनं खोक्यात भरायची, दोरी ओढायची, की स्टेशन, बोगदा आणि घाटासकट आख्खा प्रदेश भिंतीला चिकटून उभा. वर पांढरी चादर. दादा आलेल्या पावण्यांना चादर बाजूला करून दाखवायचा. "माझ्या भावाशीन केल्यान हां सगळा." छाती अशी पुढे काढायचा, जणू रूळ त्यानंच ठोकले.

मग ते काळं इंजिन आलं आणि घात झाला.

कोळशाचा डबा मागे जोडलेलं, लांब नाकाचं, सुंदर इंजिन. पार्सल फोडलं, रुळावर ठेवलं, घाटातून नेलं, स्टेशनात आणलं. पुढे रूळ संपले. डिझेल इंजिनाचं बरं असतं, दोन्हीकडून सारखंच. वाफेच्या इंजिनाला तोंड असतं. ते परत यायला निघालं तर पाठमोरं यायला लागलं. बायको दारात निवडायची मेथी घेऊन उभी होती. ती बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या काय ओ? उलटा चालता. भुताचे पाय कसे!"

त्या दिवसापासून मला ते इंजिन घाटातून येताना बघवेना. खऱ्या रेल्वेत यावर उपाय होता तो टर्नटेबलचा. जमिनीत गोल खड्डा, खड्ड्यात रूळ बसवलेला पूल, पूल मधल्या खुंटीवर फिरतो. इंजिन पुलावर चढवायचं, पूल फिरवायचा, इंजिनाचं तोंड फिरलं. आणि खड्ड्याभोवती पंख्याच्या पात्यांसारखे रूळ काढून प्रत्येकाच्या टोकाला एकेका इंजिनाचं घर, अशी अर्धगोल शेड. लहानपणी मिरजेला दादाबरोबर मी खरं टर्नटेबल पाहिलंय. दोन खलाशी पुलाच्या दांड्याला पाठ लावून एक आख्खं इंजिन फिरवत होते. दादा माझ्या कानात म्हणाला होता, "आपल्याक जमात काय रे?"

कागदावर ते सोपं होतं. पूल तेरा इंचांचा. पण शेडचं गणित वेगळं असतं. घरं खड्ड्याच्या जवळ आणली तर शेजारशेजारच्या दरवाज्यांचे खांब एकमेकांत घुसतात. दूर नेली तर खांब सुटतात, पण शेड खोलीबाहेर निघते. खड्ड्याच्या मध्यापासून शेडच्या मागच्या भिंतीपर्यंत दोन फूट लागतात, याहून कमी नाहीत. जुन्या कॅलेंडरांच्या कागदाचे रूळ कापून मी ते सगळीकडे मांडून पाहिले. डावीकडे घाट. समोर खिडकी. उजवीकडे दार, तिथे शेड केली असती तर खोलीत रांगत यावं लागलं असतं. उरला पूर्वेचा कोपरा.

एक महिना मी त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. मग बघितलं.

फळीला दोन फुटांची पुरवणी जोडली, तिचा पाय भिंतीला स्क्रूनं पक्का केला. जिगसॉनं गोल भोक पाडलं. खड्डा म्हणून अॅल्युमिनियमची परात खाली बसवली. बायको चार दिवस ती परात शोधत होती. मी पण तिच्याबरोबर शोधत होतो. पूल फिरवायला दुकानात भंगारात पडलेल्या मायक्रोवेव्हची मोटर घेतली, आत ताटली फिरवते ती. ती मोटर हळू फिरते, गुणी आहे, एकच खोड. सुरू केली की डावीकडे फिरेल की उजवीकडे, ते तिच्या मनावर. वेग आणखी कमी करायला जुन्या टेपरेकॉर्डरची चाकं आणि रबरं लावली.

खरी मजा विजेची होती. पूल अर्धा फिरला की त्याचा उजवा रूळ बाहेरच्या डाव्या रुळाला भिडतो, आणि शॉर्ट होतो. पुस्तकात याच्यावर पानंच्या पानं असतील. मी पुलाखाली तांब्याचं कडं बसवलं आणि त्याचे दोन तुकडे केले, मध्ये दोन फटी. पूल फिरताना पुलाखालचे, कड्यावरून वीज घेणारे ब्रश त्या फटीवरून सरकले की वीज आपोआप अदलाबदल होते. मोटरीच्या आत फिरणाऱ्या आर्मेचरच्या कम्युटेटरमध्ये हेच असतं. तीस वर्षं लोकांचे कम्युटेटर घासताना मला कुठे माहीत होतं, की मी या कामाची तालीम करतोय!

शेडच्या भिंती प्लॅस्टरच्या केल्या, त्यांच्यावर चिऱ्याच्या रेघा ओढल्या, छपरावर नळ्यांची कौलं काढली. कोकणातली पहिली आणि शेवटची गोल शेड. काळं इंजिन पुलावर चढलं, थांबलं, पूल निघाला, करकर करत अर्धा फेरा फिरला आणि इंजिन तोंड पुढे करून, साहेबासारखं, स्टेशनात आलं. मी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. बायको आतून आली, बघितलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"बरा झाला. आता गणपती खंय बसवतलास?"

ते मला माहीत होतं. भोक पाडतानाच माहीत होतं. फळीखाली आता परात, मोटर आणि वायरींचा गुंता लोंबत होता, वर प्लॅस्टर होतं, पुरवणीचा पाय भिंतीत रुतला होता. ती फळी आता कुणाच्या बापाला उभी होणार नव्हती. दादाचा दर रविवारी फोन यायचा. पावसाची चौकशी, आंब्याची चौकशी, आणि शेवटी, "फळी उभी होता मा रे?" मी म्हणायचो, "होता, होता." सहा महिने म्हणालो. प्रत्येक वेळी आवाज अगदी खणखणीत.

आणि श्रावणात मी ते केलं. छताचे चार हूक काढले आणि अडीच फूट पश्चिमेला नवीन भोकं पाडून बसवले. जुन्या भोकांत पुट्टी भरून वरून चुना मारला. आमच्याकडे माटवीची जागा हलवत नाहीत. लोक घर पाडून नवं बांधतात, पण माटवी जिथे होती तिथेच येईल असा नकाशा काढतात. मला वाटलं, अडीच फूट कोणाच्या लक्षात येणार?

दादा आला तो बॅग खांद्यावर असतानाच खोलीत शिरला. शेड बघितली नाही, टर्नटेबल बघितलं नाही. वर बघितलं.

"हूक खंय गेले?"

"हे काय, हयसर आसत."

"हे न्हय. आमचे हूक."

"दादा, अडीच फुटांनी काय होता? देव तोच मा?"

"देव तोच. पण तेच्या आदी माका फोनार सांगलंस ता काय?"

मी जत्रेत खेळ दाखवणाऱ्यासारखा हात फिरवला आणि बटण दाबलं. पूल नेमका नको त्या दिशेनं निघाला.

"उलटा फिरता," दादा म्हणाला.

"सुलटा पण फिरता. तेच्या मनाक येयत तसा."

दादानं चष्मा लावला, वाकला. इंजिन पुलावर चढलं, फिरलं, तिसऱ्या घरात गेलं. त्यानं ते परत करायला सांगितलं. परत केलं. मग चष्मा खिशात ठेवत तो म्हणाला, "काम बरा केलंस," आणि बॅग उचलून आत गेला. मी बायकोकडे विजयी मुद्रेनं बघितलं. ती म्हणाली, "जास्त हसू नकात. भावजी रागावतत तेवा बोलतत. आज काय बोलूक नाय."

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. नव्या हुकांना टांगलेल्या माटवीखाली, माझ्या शेडला पाठ करून. शेडवर मी पांढरी चादर घातली होती. दुपारी पूजा झाली, नैवेद्य वाढला, आणि गाऱ्हाण्याला सगळी वाडी खोलीत, ओटीवर, अंगणातल्या खळ्यात उभी राहिली.

गाऱ्हाणं घालतो घरातला वडीलधारा. हात जोडून, मोठ्यानं, देवाला सगळ्यांच्या वतीनं मागणं सांगायचं. एकेक वाक्य संपलं की बाकीच्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आता खरं सांगतो, ते म्हणताना वाक्य कोणी ऐकत नाही. ऐकायचं काम देवाचं. आपण नैवेद्याच्या ताटातल्या मोदकांकडे बघत 'म्हाराजा' हा शब्द येण्याची वाट पाहायची आणि आवाज सोडायचा. त्यात मी वाकबगार. देवळातही लोक माझ्यासाठी अर्धा क्षण थांबतात. माझा आवाज निघाला की बाकीचे त्याच्यामागून येतात.

दादानं सुरुवात केली. "बा गणपती म्हाराजा! तुझ्या लेकरांनी जी काय वाकडीतिकडी सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी लेकरा पोटासाठी मुंबैक, गोव्याक आसत, तेंका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यावर जातत तेंच्या होडयेक राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरात तुझ्या जाग्यार जी खेळण्यातली गाडी येवन बसली, ती तुझ्या इसर्जनाच्या आदी बाजूक होवन तुझी जागा तुका मिळांदे, आणि ही खोली सदासर्वकाळ मोकळी रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं, सगळ्यांत लांब, मी. बाकीचे माझ्यामागून.

खळ्यातला कोणीतरी खोकला. मला कळलं ते लोकांच्या तोंडांकडे बघून. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिनं पदर तोंडाला लावला होता. रडत होती की हसत होती, ते अजून सांगत नाही. शेजारचे म्हातारे काका माझा खांदा थोपटत म्हणाले, "मोठ्या मनाचो हां तू. दुसऱ्याक जमाचा नाय." मग आणखी दोघांनी थोपटलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

स्वयंपाकघरात बायकोनं गाठलं. "आयकलास तरी काय बोललास ता?"

"सवयीन तोंडातसून गेला गो."

"मगे आता सवयीन करवत पण हाडा."

दादा मागच्या दारी विहिरीवर हात धूत होता. मी म्हणालो, "दादा, देवाकडे कित्याक? माका सांगाचा व्हता."

"तुका सहा म्हयने इचारतंय. होता, होता म्हणालंस."

"माका तू काय बोलतंस ता आयकाकच येवक नाय."

"देवान आयकल्यान मा?" तो टॉवेलला हात पुसत म्हणाला. "आणि तुझो आवाज तर रेडीच्या गणपतीपर्यंत गेलो असतलो."

देवासमोर 'व्हय' म्हटलेलं आमच्याकडे मागे घेत नाहीत. तशी माणसं असतील. मला ती माहीत नाहीत. दहाव्या दिवशी दुपारी मी करवत आणली. शेड अखंड निघेल अशी आशा होती. दुसऱ्या घराच्या भिंतीला तडा गेला आणि मग पाचही घरं खापरीसारखी सुटत गेली. पुरवणीचं दुसरं टोक दादानं धरलं होतं. "सांभाळून रे," तो मला म्हणाला, "मेन रूळ मोडात." ते तो मनापासून म्हणाला. मला अजून राग येतो तो या मनापासून म्हणण्याचाच.

परात निघाली, तिच्या मधोमध खुंटीचं भोक. बायकोनं ती उजेडात धरून बघितली आणि भंगारात ठेवली. चादर झटकली, दोरी ओढली. फळी नऊ वर्षांसारखी गुपचूप उभी राहिली. संध्याकाळी हूक पण जुन्या भोकांत गेले, माटवी तिथे हलवली, आणि शेवटची रात्र देवानं आपल्या जागी काढली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस टेप घेऊन खोलीत भिंत मोजत होता. मी विचारलं, कोण? तो म्हणाला, "पावण्यांची खोली हीच मा? एसी खयच्या भिंतीक लावचो?"

दादा चहा घेऊन आला. त्यानं लपवलं नाही, तेवढं मी त्याला देतो. "देवबागात बघ," तो म्हणाला, "घराघरात पावणे. आमची रस्त्याकडची खोली आसा, बाथरूम बाजूक आसा. अकरा म्हयने रिकामी कित्याक ठेवची?"

"सदासर्वकाळ मोकळी म्हणालंस तू. देवासाठी."

"देवाचे अकरा दिवस देवाकच. ते कोण काढून घेता?"

"आणि माझी फळी?"

"रवांदे मा उभी. वरसून पडदो लावया. पावण्यांक कळाचा पण नाय."

घर माझ्याही नावावर आहे. मी 'नाय' म्हणू शकत होतो. पण आदल्या अकरा दिवसांत वाडीतल्या प्रत्येकानं मला मोठ्या मनाचा म्हणून झालं होतं. ही खोली मोकळी राहू दे, असं मी देवासमोर, माझ्या सगळ्यांत चांगल्या आवाजात मागितलं होतं. कागदावर सही केली असती तर वकिलाकडे तरी गेलो असतो. आणि दादानं फसवलं म्हणावं, तर सहा महिने खोटं मी बोललो होतो. तो खरं बोलला होता, चारचौघांत, देवासमोर. फक्त सगळं बोलला नव्हता.

दिवाळीला एसी लागला. भिंतीवर निळा रंग, फळीवर डॉल्फिनची चित्रं असलेला पडदा. पावणे येतात. पुण्याचे, सांगलीचे, बेळगावचे. बायको सुरमई तळते, मी सोलकढी वाढतो आणि त्यांना समुद्रातल्या भुतांच्या गजाली सांगतो. लोक पोट धरून हसतात, 'काकांसाठी परत येऊ' म्हणतात. पडद्यामागे काय आहे असं कुणी विचारलं तर मी सांगतो, जुनं सामान. टर्नटेबलची मोटर दुकानात गिऱ्हाइकाच्या मायक्रोवेव्हला बसवली. त्याची ताटली आता कधी डावीकडे फिरते, कधी उजवीकडे; त्याची तक्रार नाही.

काळं इंजिन मी विकलं नाही. ते खोक्यात आहे. फळी आता कधी खाली येतच नाही. एका खोलीत दोन पावणे, एक कॉट आणि आठ फुटांचा प्रदेश मावत नाही, हे गणित मात्र मला कागद न कापता समजलं.

यंदा चतुर्थीला खोली आठवडाभर आधीच मोकळी केली. गणपती पूर्वेच्या कोपऱ्यात, जुन्या हुकांखाली बसला. एसीच्या वाऱ्यानं माटवीचा तेरडा हलत होता. दुपारी गाऱ्हाणं. दादानं हात जोडले, आणि या वेळी मी प्रत्येक शब्द ऐकला. लेकरांना सुखरूप ठेव. होड्यांना राख. आणि मग, "ह्या खोलयेत पावणे येतत, तेंची ये-जा अशीच चालू रवांदे, कमी पडूक देव नको रे म्हाराजा!"

मी तोंड मिटून उभा राहिलो. सगळे अर्धा क्षण थांबले, माझ्यासाठी. आवाज आला नाही तेव्हा विस्कळीत, मागेपुढे, कसंबसं 'व्हय म्हाराजा' झालं.

शेजारच्या काकांनी मला कोपरानं ढोसलं. "काय रे, आवाज खंय गेलो?"

"घसो बसलो, काका."

त्यांनी ताटातली खडीसाखर उचलून माझ्या हातावर ठेवली. मी ती गालात धरली. दादानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढचं वाक्य घेतलं.

माझ्या आवाजावाचून देवाचं काही अडलं नाही. विसर्जनापासून दिवाळीपर्यंत ती खोली एक दिवस रिकामी राहिलेली नाही.